काय सोडाल?

रसायनशास्त्राच्या मॅडमना खोटं अजिबात खपत नसे. एखाद्या विद्यार्थ्याने ब्युरेटच्या मापनळीवरचा आकडा न बघताच वहीत उत्तर उतरवलं, तर ते त्यांना प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असतानाही कळायचं. "पुन्हा कर," एवढंच त्या म्हणायच्या, आणि तो बापडा मुकाट्याने पुन्हा करायचा. घरातही तोच खाक्या. नवरा वजनकाट्यावर उभा राहून जरा कमी आकडा सांगतोय अशी शंका आली, तर त्याला परत काट्यावर चढवणारी ही बाई. पण वर्षातून एक दिवस एका लांबट टेबलाशी बसून मॅडम धडधडीत खोटं बोलत, आणि बोलून झाल्यावर प्रसन्न चेहऱ्याने चहा पीत.

त्या एकट्या नव्हत्या, म्हणून त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्या टेबलाशी बसणारे सगळेच विभागप्रमुख बोलायचे.

त्याचं असं झालं होतं. विद्यापीठाचं हे मधल्या आकाराचं कॉलेज. दरवर्षी सत्र संपत आलं की प्राचार्य सगळ्या विभागप्रमुखांना बोलावत. पुढच्या वर्षी प्रवेश किती होतील याचा अंदाज सांगत, तो ऐकून सगळे सुस्कारे टाकत, आणि मग प्राचार्य ठरलेला प्रश्न विचारत, "पैसे कमी आहेत. प्रत्येकाने सांगा, काय सोडाल?" फार पूर्वी या प्रश्नावर गणिताचे एक प्रमुख भडकले होते. "फळा सोडतो," ते म्हणाले, "मुलांना हवेत गणितं करून दाखवतो." तेव्हाचे प्राचार्य पोट धरधरून हसले आणि पुढच्या विभागाकडे वळले. गणिताला कात्री लागली नाही ती नाहीच. बाकीच्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. पुढच्या वर्षीपासून जो तो आपल्याकडची सगळ्यात गरजेची गोष्ट पुढे करू लागला. खेळाचे सर मैदान सोडायचे. ग्रंथपाल बाई वाचनालयाची संध्याकाळची वेळ सोडायच्या. कचेरीचे अधीक्षक सरळ स्वतःलाच सोडायचे. प्राचार्य "छे छे, ते कसं चालेल" म्हणायचे, हशा व्हायचा आणि बैठक संपायची. खरोखर काय सोडता येईल हे कधी कुणी सांगितलं नाही, आणि सांगा म्हणून कुणी मागेही लागलं नाही.

हळूहळू त्याला मानाचं रूप आलं. ज्याचं नाव बैठकीत सोडलं जाई, त्याच्यावाचून त्या विभागाचं पान हलत नाही असं टेबलाशी बसणाऱ्यांनी समजायचं. नव्या प्रमुखाला हे कुणी बसवून समजावत नसे. एखाददुसरं वर्ष टेबलाशी बसला की त्याचं त्याला उमजे, आणि मग तोही इतरांइतकाच निर्लज्जपणे खोटं बोलू लागे.

मॅडम दरवर्षी एकच नाव सोडायच्या. काचवाला.

काचवाला म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे दीर. भाऊजी आधी दुकानांवरच्या रंगीत दिव्यांच्या पाट्या करायचे. काचेची नळी ज्वाळेत धरायची, मऊ झाली की वळवून तिची अक्षरं करायची, असा तो धंदा. मग स्वस्तातल्या तयार दिव्यांच्या पट्ट्या बाजारात आल्या आणि धंदा बसला तो कायमचा. त्याच सुमाराला मॅडम विभागप्रमुख झाल्या होत्या, आणि जुने कारागीर निवृत्त झाल्यामुळे विभागाची काचकामाची खोली बंद पडली होती. मॅडमनी दिरांना अर्ज करायला सांगितलं, पण निवड करणाऱ्यांत स्वतः बसल्या नाहीत. जे बसले त्यांनी भाऊजींकडून एक फुटका कंडेन्सर, म्हणजे वाफ निववायची काचेची दुहेरी नळी, जोडून घेतला, त्यातून पाणी सोडून बघितलं, एक थेंब गळला नाही, आणि त्यांना घेतलं. तरी वशिल्याची कुजबुज व्हायची ती झालीच. मॅडमच्या कानावर आली, भाऊजींच्याही आली. त्यावर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

ती खोली प्रयोगशाळेच्या पाठीमागे, एका अरुंद बोळाच्या टोकाला होती. एक बर्नर, काच हळूहळू निववायची एक भट्टी, भिंतीला लावून जाडीप्रमाणे रचलेल्या नळ्या. ज्वाळेचा पिवळा झगमगाट डोळ्यांना लागू नये म्हणून भाऊजी जांभळट काचांचा चष्मा लावायचे, त्यामुळे कामात असताना ते जरा परग्रहावरून आल्यासारखे दिसत. सुरुवातीच्या काळात त्या खोलीत उभं राहायला जागा नसायची. तोंड तुटलेले फ्लास्क, गळक्या तोट्यांच्या ब्युरेटी, तडे गेलेले कंडेन्सर, सगळं येऊन पडायचं आणि दोन दिवसांत धडधाकट होऊन परत जायचं. मॅडम दुपारी चहा घेऊन तिथेच जाऊन बसायच्या. कॉलेजात ज्वाळेचा तो एकसुरी फरफर आवाज एवढीच काय ती शांतता, असं त्या म्हणत. पुढे विभागाची कामं वाढली, कागद वाढले, आणि ते बसणं सुटलं.

भाऊजींनी लग्न केलं नाही. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती आणि दोन्ही वेळा ते खाली जेवायला येत. बोलणं मोजकं. मॅडमचा नवरा जितका बडबड्या, तितका हा धाकटा भाऊ गप्प. बैठकीच्या दिवशी ताट वाढताना मॅडम सांगायच्या, "भाऊजी, आज पण तुमचंच नाव दिलं हं. म्हटलं, काचवाल्याला सोडते." त्यावर भाऊजी मान हलवायचे. "बरोबर केलंत, वहिनी," असं म्हणून जेवायला लागायचे. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलायची नाही. मॅडमना त्या कोरडेपणाची भारी गंमत वाटे. या घरात विनोद कळणारा माणूस एकच आणि तो वरच्या मजल्यावर राहतो, असं त्या मैत्रिणींना सांगत.

यंदा प्राचार्य नवे आले. बाहेरून आलेले, बोलायला मऊ, हातात कायम पेन्सिल आणि समोरचा बोलत असताना मध्ये तोंड न घालण्याची भलतीच चांगली सवय. त्यांना बैठकीच्या पद्धतीची कल्पना द्यायला हवी, हे सगळ्यांच्या मनात येऊन गेलं. पण मॅडमना वाटलं, अधीक्षकांनी सांगितलं असेल. अधीक्षकांना वाटलं, एवढी बारीक गोष्ट ग्रंथपाल बाई सोडणार नाहीत. ग्रंथपाल बाईंना वाटलं, खेळाच्या सरांच्या पोटात काही राहतच नाही, त्यांनी पहिल्याच दिवशी ओकलं असणार. असं करत करत सगळे निर्धास्त झाले आणि कुणीच काही सांगितलं नाही.

बैठक झाली. नव्या प्राचार्यांनी प्रवेशाचा अंदाज सांगितला, सगळ्यांनी सुस्कारे टाकले, आणि प्रश्न आला. खेळाच्या सरांनी मैदान सोडलं. ग्रंथपाल बाईंनी संध्याकाळ सोडली. अधीक्षक हात जोडून म्हणाले, "मलाच सोडा."

"तुमची निवृत्ती कधी आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

टेबलाशी असा हशा पिकला की अधीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्राचार्य हसले नाहीत. त्यांनी पेन्सिलीने काहीतरी टिपलं आणि मॅडमकडे वळले.

"काचवाला," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आमची काचकामाची खोली, सर. आणि तिथला माणूस."

"तो नसला तर तुमचं चालेल?"

"अगदी खुशाल," मॅडम तोंड गंभीर ठेवून म्हणाल्या. शेजारी खेळाचे सर खोकल्याचं सोंग करत रुमालात हसत होते.

"धन्यवाद," प्राचार्य म्हणाले. "इतकं मोठं मन मी खरंच अपेक्षिलं नव्हतं."

बाहेर आल्यावर सगळ्यांनी त्यांची तोंड भरून स्तुती केली. "मुरलेला आहे हो," अधीक्षक म्हणाले. "आधीचे प्राचार्य लगेच हसून मोकळे व्हायचे. याने शेवटपर्यंत सोंग सांभाळलं."

त्यानंतर काही आठवड्यांनी वार्षिक दृष्टिक्षेप आला. हे प्राचार्यांच्या दरवर्षीच्या भाषणाचं कागदावरचं नाव. कॉलेजात त्याला 'भविष्य' म्हणत. भविष्य ऐकायला अध्यापक पुढे बसत, कचेरीतले मधल्या रांगांत, आणि शिपाई, प्रयोगशाळांतले मदतनीस, कारागीर असे सगळे मागे दाराजवळ उभे राहत. यंदा पडद्याला मधोमध एक सुरकुती होती आणि प्रवेशाचा आलेख बरोबर त्या सुरकुतीत शिरून खाली उतरत होता. सगळ्या विज्ञान शाखा घसरल्या होत्या, रसायनशास्त्र सगळ्यांत जास्त. मॅडमना हे माहीत होतं, तरी एवढ्या मोठ्या पडद्यावर बघताना त्यांना अंगावरचं पांघरूण कुणी ओढल्यासारखं झालं. मग अंदाजपत्रक आलं. मग प्राधान्यक्रम. गळकं छप्पर, संगणकाच्या नव्या खोल्या, रुग्णसेवेचा एक नवा अभ्यासक्रम. प्राचार्य शांतपणे एकेक सांगत होते आणि बोलणं पटण्यासारखं होतं.

"आता आभार," ते म्हणाले. "हे सगळं ज्यांच्या त्यागामुळे शक्य होतंय, त्यांचे."

त्याग हा शब्द ऐकून विभागप्रमुखांच्या रांगेत हलकी खसखस पिकली. सर सभागृहात सगळ्यांसमोर गंमत सांगणार, असं वाटून अधीक्षक तर खुर्चीत सावरून बसले.

"क्रीडा विभागाने स्वतः होऊन मैदान देऊ केलं. ते पुढच्या सत्रापासून शेजारच्या वाहतूक कंपनीला गाड्या लावायला भाड्याने दिलं आहे. तसा करार झाला आहे."

खसखस बंद झाली. खेळाचे सर तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघत राहिले. वाचनालय आता दुपारी बंद होणार होतं. अधीक्षकांना त्यांच्याच विनंतीनुसार मुदतीआधी निवृत्ती मिळाली होती. ते ऐकून अधीक्षक उठून उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं, आणि परत बसले. त्यांना कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

पुढचं नाव कुणाचं, ते मॅडमना कळून चुकलं होतं. हात वर करावा, ओरडून थांबवावं असं वाटत होतं, पण भरल्या सभागृहात सांगणार काय, गंमत होती म्हणून?

"रसायनशास्त्र विभागाने काचकामाची खोली बंद करण्याची सूचना केली. विभागप्रमुखांनी स्वतः केली. तिथलं पद या सत्राअखेर संपेल. आपल्या जवळच्या गोष्टीवर अशी नजर टाकायला धैर्य लागतं."

तेवढ्यात मागे दाराजवळ कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एकट्याने, ठाम, एकामागून एक. मॅडमनी वळून पाहिलं. टाळ्या भाऊजी वाजवत होते. थट्टेने नाही, रागाने नाही. मान ताठ ठेवून, मॅडमकडे बघत. त्यांचं बघून आजूबाजूचे चार जण वाजवायला लागले, मग आणखी काही, आणि बघता बघता सगळं सभागृह काही न कळता वाजवत सुटलं.

बाहेरच्या व्हरांड्यात नुसता कल्लोळ होता. "तुम्ही सांगितलं नाहीत?" "मी? मला वाटलं तुम्ही सांगितलंत." प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून हात झटकत होता. अधीक्षक जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. सगळ्यांनी मिळून शिष्टमंडळ न्यायचं की निवेदन द्यायचं, यावर खेळाचे सर आणि ग्रंथपाल बाईंची जुंपली. मॅडम त्यांच्यातून वाट काढत सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेल्या.

सगळं ऐकून घेईपर्यंत प्राचार्य एकदाही मध्ये बोलले नाहीत. पण त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे त्या बैठकीत तुम्ही सगळे खोटं बोललात?"

"खोटं असं नाही, सर. तशी पद्धत आहे इथली."

"आणि खरं कुठल्या बैठकीत बोलता?"

अशी बैठकच नव्हती.

"मॅडम, मी इथे नवा. मी प्रश्न विचारला, तुम्ही उत्तरं दिलीत. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, अशी माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत." त्यांचा हात पेन्सिल शोधत टेबलावर फिरत होता आणि पेन्सिल त्यांच्या खिशात होती. "त्यावर मी सगळं अंदाजपत्रक उभं केलं. विद्यापीठाने ते मंजूर केलं. आता मी तिकडे जाऊन काय सांगू, आमच्याकडे गंमत चालली होती?"

"निदान माझ्या विभागापुरतं काही..."

"पाच वाजता तिकडून फोन येणार आहे. तुमच्या त्या पदाच्या आदेशावर माणसाचं नाव घालायचंय, ते मला द्यायचंय. त्याआधी तेवढ्याच खर्चाचं दुसरं काहीतरी तुमच्याच विभागातून दिलंत तर मी आदेश थांबवतो. माझ्या हातात तेवढंच आहे. पण या वेळी खरं सांगा. काय सोडाल?"

मॅडम विभागात आल्या आणि पहिल्यांदाच तो प्रश्न मनात ठेवून आपल्या विभागाकडे बघू लागल्या. रसायनांच्या कोठीत आधीच निम्मे कप्पे मोकळे होते. तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं सोडली तर पदवीच मिळणार नव्हती. राहता राहिली एक तात्पुरती नेमणूक असलेली तरुण शिक्षिका. तिच्याकडे पहिल्या वर्षाचे सगळे वर्ग होते. ती त्या वेळी मुलांना तेच तेच समीकरण पुन्हा समजावून सांगत होती, आणि मॅडमना दारात बघून हसली. मॅडम हसल्या नाहीत. घाईघाईने बोळात वळल्या. मनाशी त्यांनी ठरवलं होतं, काचखोलीतलं काम मोजून न्यायचं. वर्षाला किती भांडी वाचतात, ती विकत घ्यायची झाली तर काय पडेल, असं सगळं प्राचार्यांपुढे ठेवायचं, म्हणजे त्यांनाच कळेल की हा माणूस सोडणं परवडत नाही.

दार ढकललं तर खोलीत कसलाच आवाज नव्हता. बर्नर बंद होता. दुरुस्तीच्या फळीवर, जिथे पूर्वी हात ठेवायला जागा नसायची, तिथे तडा गेलेलं एकच नरसाळं होतं. नळ्या पुसून लखलखीत केलेल्या, भट्टीची पितळी मूठ चकचकीत, जमिनीवर काचेचा कण नाही. काम करणाऱ्या माणसाची खोली इतकी स्वच्छ नसते. भाऊजी स्टुलावर बसून चष्मा पुसत होते.

"काम कुठंय, भाऊजी?"

"संपलं."

"आजचं?"

"नाही हो. तीनएक वर्षं झाली असतील. तुम्ही तयार सामान मागवायला लागलात ना. फुटलं की टाकायचं, नवं काढायचं. कधीमधी एखादं येतं माझ्याकडे, मुलांनी लपवून ठेवलेलं." हे ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते.

तयार सामानाच्या मागणीवर सही मॅडमचीच असायची. स्वस्त पडतं म्हणून त्यांनीच ते सुरू केलं होतं, आणि या खोलीचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. त्या भिंतीला टेकल्या. ज्याच्यावाचून आपलं पान हलत नाही असं त्या वर्षानुवर्षं हसत हसत सांगत होत्या, त्याच्यावाचून पान केव्हाच हलायला लागलं होतं.

"तुम्ही बोलला का नाहीत मला?"

"तुम्हाला ठाऊकच होतं की. म्हणून तर दर वर्षी माझं नाव द्यायचात."

मॅडम भिंतीपासून सरळ झाल्या.

"पहिल्यांदा वाईट वाटायचं," भाऊजी म्हणाले. आयुष्यात इतकं सलग ते क्वचितच बोलले असतील. "तेव्हा इथे मान वर करायला फुरसत नव्हती, आणि तरी तुम्ही माझं नाव देऊन यायचात. मग माझ्या लक्षात आलं. घरचा माणूस म्हणून कुणी बोट दाखवू नये, यासाठी पहिलं नाव माझं. पुढे काम कमी झालं, तेव्हा वाटलं, वहिनींना हे आधीच दिसलं होतं. लोक वशिला वशिला करायचे ना? मी त्यांना सांगायचो, बैठकीत जाऊन विचारा, माझं नाव कोण देतं ते. तुम्ही घरातल्या माणसाला तोंडावर सांगता, बरोबर केलं म्हटलं तर नुसत्या हसता, दुसऱ्या वर्षी परत तेच. असं सरळ माणूस मी दुसरं नाही बघितलं. आज टाळ्या वाजवल्या त्या त्याच्या. म्हटलं, एवढ्या वर्षांनी एका प्राचार्याने तुमचं ऐकलं."

मॅडमनी इथे गप्प राहायला हवं होतं. दुसरी कुठलीही बाई राहिली असती, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नसतं. उलट भाऊजी ताठ मानेने त्या खोलीला कुलूप लावून निघाले असते. पण आपल्याला न शोभणारी स्तुती अंगाला लावून घेणं मॅडमना जमलं नाही. की त्यांना वाटलं, खरं कळलं तर भाऊजींना बरंच वाटेल? कारण त्यांच्या मनात ते नाव घेण्यामागे मायाच होती, दुसरं काही नव्हतं.

"भाऊजी, ती गंमत होती," त्या म्हणाल्या.

"कसली?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. गणिताच्या प्रमुखांचा फळा, खेळाच्या सरांचं मैदान, अधीक्षक. ज्याला सोडणं शक्यच नाही त्याचं नाव घ्यायचं, ही पद्धत. "माझ्याकडे तुमच्यापेक्षा मोलाचं कुणी नव्हतं, म्हणून तुमचं नाव घ्यायची. मानाचं असतं ते."

भाऊजींनी चष्मा खाली ठेवला.

"म्हणजे तिथे माझं नाव घेतल्यावर काय व्हायचं?"

"हसायचे."

"सगळे?"

"हो. पण तसं नाही, प्रेमाने..."

"तुम्हीपण?"

"मीपण," त्या म्हणाल्या.

भाऊजींचा चेहरा रागावलेला नव्हता, रागावलेला असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीच्या आधाराने हा माणूस या इमारतीत ताठ मानेने वावरला, ती एका वाक्यात काढून घेतली आपण, हे मॅडमना तेव्हा समोर दिसलं, आणि ते परत जागेवर ठेवायला त्यांच्याकडे काहीही नव्हतं. नोकरी जाणार हे ऐकून ज्याने टाळ्या वाजवल्या, तो आता हातांचं काय करावं हे न सुचल्यासारखा बसला होता.

"प्राचार्य थांबवतो म्हणालेत," मॅडम घाईने बोलू लागल्या. "पाच वाजेपर्यंत दुसरं काही दिलं तर..."

"काय देणार?"

मॅडमनी मनातल्या मनात कोठीतले मोकळे कप्पे पुन्हा मोजले.

"ती पोरगी शिकवते पहिल्या वर्षाला, तिला?"

मॅडमना तिचं मघाचं हसू आठवलं.

"वहिनी, गंमत सोडून सांगा. या खोलीत माझ्यासाठी काम आहे?"

एवढ्या वर्षांत चारचौघांपुढे त्यांनी बिनदिक्कत खोटं सांगितलं होतं, की याच्याशिवाय चालेल. आता फक्त एकदा, या एका माणसापुढे, याच्याशिवाय चालणार नाही असं म्हणायचं होतं. त्यांनी फळीवरच्या त्या एकुलत्या नरसाळ्याकडे बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

भाऊजींनी त्यांना रडू दिलं. मग उठून स्टूल पुढे सरकवलं, पण त्या बसल्या नाहीत.

"जा आता, पाच वाजतील," ते म्हणाले. "आणि तिथे काचवाला म्हणू नका. माणूस काढताय, तर त्याचं नाव घ्या."

प्राचार्यांच्या खोलीत मॅडम डोळे पुसून शिरल्या, पण पुसल्याचा काही उपयोग झालेला नव्हता. प्राचार्यांनी आधी त्यांच्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं.

"काय सोडाल?" त्यांनी हलकेच विचारलं.

"जे सांगितलं तेच, सर."

"खरं?"

"आता खरं."

प्राचार्यांनी कागद ओढला. "नाव सांगा त्यांचं."

मॅडमनी सांगितलं. आधी दिरांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. प्राचार्य लिहीत होते. आडनावावर आल्यावर पेन्सिल थांबली. मॅडमच्या नेमणुकीचे, रजेचे, मागण्यांचे कितीतरी कागद त्यांच्या हाताखालून गेले होते, त्या प्रत्येकावर तेच आडनाव होतं.

"हे तुमचे कोण?"

"धाकटे दीर. आमच्याच घरात राहतात."

प्राचार्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत ती बैठक जशीच्या तशी उभी राहिलेली मॅडमना दिसली. ते लांबट टेबल, रुमालात हसणारे खेळाचे सर, आणि "अगदी खुशाल" म्हणणाऱ्या त्या स्वतः.

"त्यांना माहीत होतं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सगळे हसत होता ते?"

"आज सांगितलं."

फोन वाजला. त्यांनी उचलला, रसायनशास्त्र म्हणाले, काचकाम म्हणाले, आणि कागदावरचं नाव वाचायला लागले, पण त्यांचा आवाज दबला होता आणि पलीकडच्या माणसाला ते नीट ऐकू येईना. त्यांनी पुन्हा वाचलं. पलीकडून पुन्हा विचारलं. तेव्हा मॅडमनी हात पुढे केला, फोन आपल्याकडे घेतला आणि दिरांचं पूर्ण नाव सावकाश, आडनावासकट, त्या माणसाला उतरवून घ्यायला सांगितलं.